कायद्याचे पालन करून वेप कसे ओढावे

सुज्ञ वाचकहो, आपल्या खिशात या क्षणी एखादे वेप असेल, तर प्रथम अभिनंदन. पेन ड्राइव्हएवढ्या त्या रंगीत नळीतून आंब्याच्या किंवा पुदिन्याच्या वासाची वाफ ओढताना आपल्या मनात जी अपराधाची भावना येते, ती कृपया सोडून द्यावी. वेपवर, म्हणजे ई-सिगारेटीवर, बंदी घालण्यासाठी २०१९ साली संसदेने केलेल्या ४२ क्रमांकाच्या कायद्यात ‘ओढणे’ या कृत्यासाठी शिक्षा सांगणारे कलम नाही. कायदा करणाऱ्यांनी शब्दांची कंजुषी केली असेल असे म्हणावे, तर तसेही नाही. या कायद्याच्या नावातच कंस टाकून उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात अशी नऊ निषिद्ध कर्मे सांगितलेली आहेत. भक्तीही नवविधाच असते, तेव्हा नऊ हा आकडा आपल्याकडे पुरेसा मानला जातो. दहावे कर्म तेवढे राहून गेले, आणि आपण नेमके तेच करीत आहात.

अडचण एवढीच की, ती नळी आपल्या हाती कशी आली याचे समाधानकारक उत्तर आपणापाशी असले पाहिजे. ती देशात कोणी बनवलेली नसावी, परदेशातून कोणी आणलेली नसावी, टेम्पोतून किंवा कुरिअरने आलेली नसावी, कोणी विकलेली नसावी आणि मित्राने वाढदिवसाला दिलेलीही नसावी, कारण ‘वितरण’ या शब्दात फुकट वाटलेले नमुनेसुद्धा येतात असे कायद्याने आवर्जून स्पष्ट केले आहे. हे सर्व मार्ग बंद झाल्यावर एकच मार्ग उरतो. कोकणात ज्याप्रमाणे गणपती स्वयंभू असतात, त्याप्रमाणे आपले वेप स्वयंभू असावे. सकाळी अंगणात सडा घालताना ते आपोआप प्रकट झाले, असे पंचनाम्यात नोंदवून घेण्याची विनंती उपनिरीक्षकांना करावी. ते कदाचित हसतील. पण कायद्याच्या चौकटीत बसणारा दुसरा खुलासा त्यांनाही सुचणार नाही.

याउलट वेप विकणाऱ्याने मात्र आपल्या भवितव्याचा हिशेब नीट करावा. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा केल्यास सहा महिने किंवा पन्नास हजार. महाविद्यालयाबाहेर शीतपेयांच्या फ्रिजमागून काढून देणाऱ्या त्या अतिशय मनमिळाऊ तरुणाला हे आकडे आपण सांगू नयेत. त्याला ते पाठ असतात, आणि त्याच्या मालाच्या किमतीत ते आधीच मिळवलेले असतात.

पूर्वीचा काळ अधिक रम्य होता, हेही नव्या पिढीला कळले पाहिजे. केंद्राचा कायदा येण्यापूर्वी ज्याच्या त्याच्या राज्याचा वेगळा नियम होता. पंजाबने सर्वांच्या आधी या वस्तूवर डोळे वटारले, कर्नाटकाने २०१६ मध्ये बंदी घातली, आणि पुढे एकेक राज्य रांगेत येऊन उभे राहिले. कोणी औषधांच्या कायद्याचा आधार घेतला, तर कोणी विषांच्या. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने सर्व राज्यांना बंदीचा सल्ला दिला. मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, ही वस्तू औषध ठरतच नाही असे प्रथमदर्शनी मत नोंदवून, औषधांच्या कायद्याखाली काढलेल्या केंद्रीय परिपत्रकाला स्थगिती दिली. म्हणजे काही काळ आपल्या नळीतील वाफ एका राज्यात विष, दुसऱ्यात विनापरवाना औषध आणि तिसऱ्यात नुसतीच वाफ होती. रेल्वेच्या एकाच डब्यात बसून, खिडकीबाहेरच्या पाट्या बदलतील तसा आपला दर्जा बदलत जाण्याचे ते सुख १८ सप्टेंबर २०१९ रोजी संपले. त्या दिवशी मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत तो जाहीर केला, आणि साऱ्या देशात वाफेचा एकच अर्थ लागू झाला.

त्याच दिवशी शेअर बाजारात सिगारेट कंपन्यांचे समभाग वधारले. हा निव्वळ योगायोग समजावा. बाजाराला तरुणांच्या फुप्फुसांची काळजी वाटल्याने आनंद झाला असेल.

साठवणीविषयी दोन शब्द. कायदा म्हणतो की, कोणत्याही जागेचा मालक किंवा ताबेदार असलेल्या व्यक्तीने तेथे ई-सिगारेटींचा साठा जाणूनबुजून ठेवू देऊ नये. आपल्या पँटचा खिसा ही ‘जागा’ आहे काय, आपण तिचे मालक की ताबेदार, आणि एका नळीला ‘साठा’ म्हणता येईल काय, या प्रश्नांवर एखादा होतकरू वकील आपली पुढील काही वर्षे आनंदाने घालवू शकेल. आरोग्य मंत्रालयाने मात्र पुढे आपले मत स्पष्ट केले की, ई-सिगारेट कोणत्याही स्वरूपात आणि कितीही प्रमाणात जवळ बाळगणे हे या कायद्याच्या विरुद्धच आहे. यातून आपण एवढाच बोध घ्यावा की, वेप ओढण्यास हरकत नाही, परंतु ओढताना ते आपल्याजवळ असू नये.

व्याख्येकडे दुर्लक्ष करू नये. निकोटीन असो वा नसो, वास असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे आत घेण्याजोगी वाफ तयार करणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे ई-सिगारेट, असे कायदा सांगतो आणि औषध व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने तेवढी वगळतो. आता सर्दी झाल्यावर आपली आजी विजेच्या ज्या भांड्यात पाणी तापवून, त्यात निलगिरीचे दोन थेंब टाकून, डोक्यावरून टॉवेल घेऊन बसते, त्या भांड्याचा परवाना आपण कधी पाहिला आहे काय? माझा सल्ला असा की, आजीने यापुढे वाफारा गॅसवरच्या पातेल्यातून घ्यावा. पातेले इलेक्ट्रॉनिक नसते.

इतका व्याप पाहून आपले मन खचले असेल, तर सरकारला आपली काळजी नाही असा गैरसमज करून घेऊ नये. आपल्यासाठी सिगारेट आहे. तिच्या वाटेवर शासनाने किती पायघड्या घातल्या आहेत हे पाहिले म्हणजे डोळ्यांत पाणी येते, आणि ते केवळ धुराने येते असे नाही. गुंटूर येथे १९७६ पासून केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाचे तंबाखू मंडळ आहे, जे शेतकऱ्यांच्या पिकाचा लिलाव व्यवस्थित पार पाडते. राजमहेंद्रीला तंबाखूवर संशोधन करणारी सरकारी संस्था उभी राहिली. आपल्या आयुर्विमा महामंडळाची देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत मोठी भागीदारी आहे. म्हणजे आपण जगावे म्हणून ते हप्ता घेते, आणि आपण ओढावे म्हणून लाभांश. दोन्ही पारडी इतकी समतोल धरणारी संस्था जगात विरळाच असेल. तंबाखूमुळे देशात दरवर्षी साडेतेरा लाख माणसे मरतात असे आरोग्य मंत्रालयच सांगते, पण या आकड्यावरून कोणी त्या पाकिटावर अध्यादेश काढल्याचे ऐकिवात नाही. पाकिटावर सडलेल्या जबड्याचे चित्र मात्र ८५ टक्के जागा व्यापून असते. ज्याला ते बघवत नसेल, त्याने टपरीवर सुटी सिगारेट मागावी. सुट्या सिगारेटीवर चित्र नसते.

सुटी सिगारेट विकण्यावर महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आपण टपरीवर जाल तेव्हा खांबाला दोरीने टांगलेला लायटर दिसेल. पाकीट घेऊन घरी जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो टांगलेला नसतो, एवढे समजण्याइतके आपण चतुर आहात. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे ती टपरी शाळेपासून १०० यार्डांच्या आत असता कामा नये, आणि सार्वजनिक ठिकाणी ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होतो. याच २००३ साली चीनमध्ये होन लिक या औषधतज्ज्ञाने स्वतःची सिगारेट सुटावी म्हणून आजच्या वेपचा मूळ नमुना तयार केला. आपण सिगारेटीला नियम लावीत होतो त्याच वर्षी तो तिला पर्याय शोधीत बसला होता. पुढे त्याच्या नळीला बंदी मिळाली आणि सिगारेटीला यार्डांची मोजपट्टी. आता ही नळी निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये. निकोटीनचे व्यसन आंब्याच्या वासाने जडले तरी ते व्यसनच असते, आणि दहावीतल्या मुलांच्या दप्तरात ती सापडते हे शिक्षक खोटे सांगत नाहीत. प्रश्न एवढाच पडतो की, दोन विषांपैकी लहानाला कुलूप लावून मोठे ओट्यावर ठेवणाऱ्या घराला आपण काय म्हणतो.

महाराष्ट्रातील वाचकांना बंदीत जगण्याचे प्रशिक्षण मुळातच मिळालेले असल्याने त्यांना अधिक सांगावे लागत नाही. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. अन्नसुरक्षा कायद्याखाली अशी बंदी एका वेळी एका वर्षापेक्षा जास्त घालता येत नाही, म्हणून ती दरवर्षी नव्याने घालावी लागते. गुटख्याचा वाढदिवस शासन न विसरता साजरा करते, आणि गुटखाही त्या समारंभास हजर असतो. कोठे सुपारीची एक पुडी व तंबाखूची दुसरी अशी जोडी मिळते आणि विवाह ग्राहकाच्या गालात लागतो. हुक्का पार्लरांवर २०१८ मध्ये राज्याने कायदा करून बंदी आणली. तेव्हा वेपविक्रेत्याला आपण नवखा समजू नये. तो एका जुन्या, प्रतिष्ठित घराण्याचा धाकटा मुलगा आहे.

परदेशप्रवासाला जाणाऱ्यांनी सिंगापूरला जाताना मात्र विनोदबुद्धी घरी ठेवावी. तेथे २०१८ पासून नळी जवळ बाळगणे आणि ओढणे हाच थेट गुन्हा आहे, आणि दंड वसूल केला जातो. कायद्यात जे लिहिले आहे ते प्रत्यक्षात घडते, ही कल्पना आपल्या प्रवाशाला फार अस्वस्थ करते.

आपल्याकडे तसे नाही. डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेच्या भर सभागृहात खासदार अनुराग ठाकूर यांनी, विरोधी बाकांवरील एक सदस्य ई-सिगारेट ओढीत आहेत, अशी तक्रार अध्यक्षांकडे केली. ज्या सभागृहाने २०१९ च्या नोव्हेंबरात हा कायदा संमत केला, तेथेच ओढण्याच्या प्रश्नाला अखेर वाचा फुटली, हे लोकशाहीला शोभणारेच म्हटले पाहिजे. सामान्य नागरिकालाही अशी तक्रार करता यावी म्हणून आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वतंत्र संकेतस्थळ उघडले आहे. शेजाऱ्याशी आपले वाहन लावण्याच्या जागेवरून भांडण असेल, तर त्या संकेतस्थळाचा पत्ता लक्षात ठेवावा.

शेवटी, हे सर्व वाचून आपल्याला उपरती झाली आणि ती नळी पोलीस चौकीत नेऊन द्यावी असे वाटू लागले, तर घाई करू नये. २०१९ साली ज्यांच्याकडे जुना साठा होता, त्यांना तो जमा करण्याची सोय होती. आपली नळी तेव्हाची नाही. ती घेऊन चौकीपर्यंत चालत जाणे ही वाहतूक होते. भंगारवाल्याला देणे हे वितरण, आणि कपाटात टाकून ठेवणे ही साठवण. त्यामुळे या नऊ कर्मांपैकी एकही आपल्या हातून घडू नये अशी इच्छा असेल, तर आहात त्या जागेवरून न हलता, बॅटरी संपेपर्यंत ओढत राहावे.