पांढरी मुळी चालली का?

नाशिकमध्ये घरातलं झाड आजारी पडलं की ती बातमी घरात राहत नाही. इथे प्रत्येकाचा एक तरी नातेवाईक बागायतदार असतो. ज्याचा नसतो त्याने आयुष्यभर द्राक्षं खाल्लेली असतात, आणि तेवढ्या अनुभवावर तोही बोलतो.

आमच्या इंदिरानगरच्या गॅलरीत 'भगवा' जातीच्या डाळिंबाचं गुटी कलम आहे, म्हणजे फांदीलाच मुळ्या फोडून केलेलं रोप. नर्सरीच्या काळ्या पिशवीत मुळ्या मावेनात, म्हणून ते मोठ्या कुंडीत हलवलं. त्याने आधी माना टाकल्या, मग पानं पिवळी केली आणि शेवटी ती टाकूनच दिली.

यात विशेष काही नाही. जागा बदलताना बारीक केशमुळं तुटतात आणि पाणी ओढायचं काम तर त्यांचंच. पानं मात्र पूर्वीच्याच उधळेपणाने पाणी हवेत सोडत राहतात. आवक घटली की झाड खर्च कमी करतं, म्हणजे पानं गाळतं. मी नखाने साल जराशी खरवडली, आत हिरवीगार. मग उपचार ठरला : दुपारचं ऊन नको, खत अजिबात नको आणि वरची माती बोटभर सुकल्याशिवाय पाणी नको. थोडक्यात, काही करायचं नाही.

काही न करणाऱ्या माणसाला मात्र आपल्याकडे कोणी बसू देत नाही.

शेजारच्या काकू रोज फुलं न्यायला येतात. "अहो, तहानलंय हो ते!" म्हणत त्यांनी तांब्या ओतलाच. काकूंना कसं सांगणार, की तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड दिसायला सारखंच मलूल दिसतं? मुळ्यांना हवाही लागते, सतत ओल्या मातीत त्या कुजतात. मी कुंडीखालची ताटली काढून टाकली. काकूंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरची आणून ठेवली.

वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी ह्युमिकची, म्हणजे मुळं वाढवायच्या औषधाची, बाटली दिली. तिच्यावर मात्रा एकरी लिहिलेली, आणि माझं क्षेत्र एक कुंडी. आई म्हणाली, "दृष्ट काढू का रे?" सगळ्या सल्ल्यांत मुळांना धक्का न लावणारा हा एकच, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

मग निफाडहून मामांचा फोन. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीची धांदल, मागे मजुरांचा गलका, तरी फोन आलाच.

"पानगळ झाली म्हणे? अरे, नशीबवान आहेस! सटाण्याकडे डाळिंबाचा बहार धरायचा, फुलं-फळं आणायची, तर लोक पाणी तोडून ताण देतात, वर पानगळीची फवारणी करतात. तुझी फुकटात झाली."

"मामा, मला बहार नकोय. झाड जगायला हवंय."

"मग पांढरी मुळी चालली का ते बघ."

"नवी मुळं फुटतायत का ते? कशी बघू? ती मातीत आहेत."

"कुंडी पालथी कर."

मी विषय बदलला. पण द्राक्षबागायतदार विषय बदलू देत नाही. तेल्या आहे का, मर आहे का (हे डाळिंबाचे रोग), वाफसा आलाय का (म्हणजे भिजलेली माती पुन्हा मोकळी झाली का), अशी सरबत्ती झाली. शेवटी ते म्हणाले, "फांदीवरच्या डोळ्यांना, जिथून कोंब फुटतो तिथे, पेस्ट लाव, आमच्या द्राक्षाच्या काड्यांना लावतो ती. लगेच फुटतं."

"मामा, ते द्राक्षाला."

"झाड ते झाड!"

परवा सकाळी एका डोळ्यातून तांबूस फूट निघाली, तांदळाच्या दाण्याएवढी. डाळिंबाची कोवळी पालवी अशीच लालसर असते, पण आजोबांनी ती पाहून रोग ठरवला आणि बुरशीनाशक आणायला गेले. काकूंनी तांब्याचं श्रेय घेतलं. मामांना मी फोटो पाठवला तिथेच चुकलं. लगेच फोन आला. रविवारी येतो म्हणाले, छाटणी शिकवायला.

"मामा, कात्री आणू नका हं. ते अजून सावरतंय."

"छे, कात्री कशाला," मामा म्हणाले, "फवारणीचा पंप आणतो."