निकाल कधी लावणार?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एखादा खलाशी एका बोटीची उचल घेऊन दुसऱ्या बोटीवर चढला, तर मालक जेटीवरच बसून हिशोब मिटवतात. मग फुटबॉल क्लबांनाच काय झालंय? फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्सच्या नाँत क्लबातून वेल्सच्या कार्डिफकडे जाताना जानेवारी २०१९ मध्ये विमान अपघातात गेला आणि दोन्ही क्लब त्याच्या बदलीच्या पैशांवरून भांडत बसले! फिफाने त्याच वर्षी कार्डिफला ६० लाख युरोंचा पहिला हप्ता भरायला सांगितला. लोझानच्या क्रीडा लवादाने तेच म्हणायला ऑगस्ट २०२२ उजाडला. घरच्यांनी हे बघत बसायचं?

आपल्याकडे अन्वर अली, मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेलेला फुटबॉलपटू. सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाचा आदेश: चार महिने बंदी, मोहन बागानला १२.९० कोटींची भरपाई. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात जाताच आदेश मागे. अरे, मग दिलात कशाला? पोराचं खेळायचं वय थांबणार आहे का तुमच्यासाठी?