आधी खंदकातले लिहा

गेल्या महिन्यात गडहिंग्लजकडचे एक निवृत्त सुभेदार आपल्या आठवणींची वही घेऊन माझ्याकडे आले. शुद्धलेखन तपासून द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पहिल्या वीस-बावीस पानांत सियाचीन होते: रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवून केलेले पाणी, एकमेकांना दोराने बांधून घेऊन केलेली चाल आणि तंबूतल्या काजळीने सकाळी काळी पडलेली थुंकी. पुढची ऐंशी पाने फाळणी, निवडणुका आणि नेत्यांची लायकी यांवर खर्ची पडली होती, आणि त्यातले बहुतेक मी आधीच मोबाईलवर वाचलेले होते.

माजी सैनिकांनी राजकारणावर लिहू नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. नोकरीत असेपर्यंत लष्करी कायदा त्यांच्या लेखणीला लगाम घालतो; पेन्शनीत आल्यावर तरी त्यांनी मोकळेपणाने लिहावे. ब्रिगेडियर जॉन दळवी यांनी 1962 मध्ये चीनच्या सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठी आपली सातवी ब्रिगेड उद्ध्वस्त होताना पाहिली, चिनी कैद भोगली आणि मग 1969 साली 'हिमालयन ब्लंडर' लिहून दिल्लीतल्या मंत्र्यांना व सेनापतींना जाब विचारला. ते पुस्तक राजकीयच आहे, परंतु त्यातला संताप अपुऱ्या दारूगोळ्याच्या आणि उन्हाळी कपड्यांत कुडकुडणाऱ्या जवानांच्या हिशेबातून आलेला आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचेही तसेच. लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख असताना 1960 च्या मार्चमध्ये त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन चिनी हल्ला कसा होईल हे मांडून दाखवले होते, आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याला किंमत दिली नव्हती. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितले, तेव्हा त्यामागे नुसते मत नव्हते, स्वतः केलेले काम होते.

आज नावाआधी हुद्दा लावला की मुद्दा सिद्ध झाला, असे मानण्याची रीत पडली आहे. सीमेवर वीस वर्षे काढलेल्या माणसाबद्दल आदर असतोच, पण त्या आदराच्या जोरावर त्याचे परराष्ट्र धोरणही बिनचूक ठरत नाही. (कॅप्टन, कर्नल वगैरे बिरुदे पाहून टाळ्या वाजवणारे आपण वाचकही यात तितकेच दोषी.) दुसरीकडे, ज्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखे नावातच सैनिक मिरवणारे गाव आहे, तिथल्या एकाही हवालदाराचे पुस्तक माझ्या कपाटात नाही.

हे सारे मी सुभेदारांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ''सर, बर्फाचं कोण वाचणार?'' मला चटकन उत्तर सुचले नाही. वही घेऊन ते निघून गेले. आठवड्याने त्यांचा फोन आला: सोबतीचा एक जवान आजारी पडला होता, त्याला खाली न्यायला हेलिकॉप्टर तीन दिवस आले नाही, ते का आले नाही हे लिहिले तर चालेल का? मी म्हटले, तारखेनिशी लिहा.