हाडांची नावे आणि सीमाभागातील परिभाषेचा वाद

सीमाभागात शिक्षणाच्या माध्यमावर बोलणे निघाले की ते थोड्याच वेळात परिभाषेवर येऊन ठेपते. विज्ञान मराठीतून शिकवायचे तर शब्द कोणाचे घ्यायचे? महाराष्ट्राच्या परिभाषा कोशांतले संस्कृतप्रचुर घ्यायचे, कर्नाटक मंडळाच्या मराठी पाठ्यपुस्तकांत आलेले घ्यायचे, की पुढे सगळे इंग्रजीतूनच शिकायचे असल्याने आतापासूनच इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचे? बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या शिक्षक मंडळींकडून हा वाद मी अनेक वर्षे ऐकत आले आहे, आणि तिन्ही पक्षांचे म्हणणे मला अर्धेच पटते. मी जर्मनीत एका विद्यापीठाच्या अस्थिसंग्रहात काम करते. एका प्राण्याचे हाड दुसऱ्या जातीच्या हाडाशी पडताळून पाहता यावे अशा रीतीने त्याचे नाव, बाजू आणि भाग नोंदवणे हा माझा रोजचा उद्योग आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की आपण शब्द कोणत्या भाषेतला असावा यावर भांडतो. तो नेमका कोणत्या वस्तूला लावायचा, हे ठरवण्याचे काम मात्र तसेच पडून राहते.

रायबाग तालुक्यात चिंचलीला मायाक्कादेवीच्या जत्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे खिलार बैल पारखणारा शेतकरी मराठी बोलणारा असो वा कन्नड, पुढच्या पायाचा मधला सांधा दाबून पाहताना त्याला तो गुडघाच वाटतो. बैलाने गुडघे टेकले असे आपण म्हणतो, तेव्हाही डोळ्यांसमोर हाच सांधा असतो. सांगाड्यात मात्र ते आपले मनगट ठरते. बैलाचे कोपर त्याहून वर, छातीलगत असते आणि त्याचा खरा गुडघा मागच्या पायात, पोटाच्या कातडीजवळ असतो. घोडे पाळणारे इंग्रजही घोड्याच्या याच मनगटाला 'नी' म्हणतात, तेव्हा दोष कोणा एका भाषेचा नाही.

त्या सांध्याखालची लांब नळी तर आणखी बोलकी आहे. म्हशीची नळी हातात घेतली तर पुढच्या अंगाने मधोमध एक उभी खाच दिसते आणि खालच्या टोकाला शेजारी शेजारी दोन गोलसर उंचवटे लागतात, कारण तिसरी आणि चौथी करभास्थी (आपल्या तळहातातल्या हाडांसारखे हाड) जुळून ते एक हाड झालेले असते. घोड्याची नळी म्हणजे एकटी तिसरी करभास्थी. दुसरी आणि चौथी तिच्या दोन्ही कडांना बारीक कांड्यांच्या रूपाने उरलेल्या असतात. बाजारात दोन्हींना नळी म्हटल्याने कोणाचेच बिघडत नाही. तुलना करणाऱ्याने मात्र म्हशीच्या नळीचा अर्धा भागच घोड्याच्या नळीशी जुळतो हे नोंदवले नाही, तर पुढचे प्रत्येक माप चुकीच्या जोडीवर घेतले जाते.

ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये ही जोडी कशी ओळखायची ते सांगितले: रूप आणि काम कितीही वेगळे असो, निरनिराळ्या प्राण्यांतला तोच अवयव तो समजात अवयव. व्याख्या झाली, पण नावांचा गोंधळ चालूच होता. मानवी शरीराच्या रचनेसाठीच युरोपात सुमारे ५० हजार नावे वापरात होती. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे ती छाटून साडेपाच हजारांच्या आसपास आणली गेली, आणि लॅटिन ही त्या यादीची भाषा ठरली. ती यादीही सर्वांना मानवली नाही. ब्रिटिशांनी १९३३ मध्ये बर्मिंगहॅमला स्वतःची सुधारित यादी केली, तर जर्मनांनी पुढे दोन-तीन वर्षांत येनाची यादी काढली. तुलनात्मक अभ्यासाच्या दृष्टीने येनाची यादी मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण तिने 'वरचा' आणि 'खालचा' हे उभ्या माणसाला सोयीचे शब्द काढून 'डोक्याकडचा' आणि 'शेपटीकडचा' असे शब्द घातले होते, जे चार पायांवर चालणाऱ्या जनावरालाही लागू पडतात. १९५५ मध्ये पॅरिसला मानवी शरीरशास्त्र पुन्हा बाझेलच्या वळणावर गेले. पशुवैद्यांनी मग आपली वेगळी यादी केली, जिची पहिली आवृत्ती १९६८ मध्ये निघाली. पक्ष्यांची आणखी वेगळी यादी १९७९ मध्ये आली. परिणाम असा की मणक्याच्या ज्या सांध्याच्या उंचवट्याला माणसात आजही 'सुपीरियर' (वरचा) म्हणतात, तोच बैलात 'क्रेनियल' (डोक्याकडचा) होतो. 'अँटीरियर' हा शब्द तर घातकच आहे, कारण माणसात तो पोटाची बाजू दाखवतो आणि बैलाच्या जुन्या नोंदींत डोक्याची. आमच्या संग्रहातल्या जुन्या कार्डांवर हा शब्द भेटला की हाड पेटीतून काढून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

परदेशात सगळे सुरळीत आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांच्यासाठी हा इतिहास सांगितला. इथेही याद्या राष्ट्राराष्ट्रांत आणि शाखाशाखांत फुटल्या. शिवाय एक नाव सर्वत्र वापरल्याने हाड एक होत नाही. माशांच्या बहुतेक ओळखीच्या जातींत कवटीवरच्या ज्या जोडहाडाला पूर्वापार 'फ्रंटल' म्हणतात, ते आपल्या कपाळाच्या हाडाशी नव्हे, तर त्यामागच्या 'पॅरायटल'शी समजात आहे. कोंबडीच्या पंखातली तीन बोटे पहिली-दुसरी-तिसरी की दुसरी-तिसरी-चौथी, यावर जीवाश्म पाहणारे आणि गर्भ पाहणारे दीर्घकाळ भांडले. बोटाला क्रमांक देणे हे नुसते नामकरण नसून उत्क्रांतीविषयी एक बाजू घेणे आहे, हे त्या वादावरून कळते.

अलीकडे संगणकावरच्या शब्दजालांनी एक व्यवहार्य वाट काढली आहे. 'यूबेरॉन' या अनेक प्राण्यांना सामाईक असलेल्या जालात मांडीच्या हाडाला ००००९८१ हा क्रमांक आणि एक व्याख्या आहे. लॅटिन, इंग्रजी वा अन्य नावे त्या क्रमांकाला जोडली जातात. नाव बदलले तरी क्रमांक आणि त्यावरच्या नोंदी ढळत नाहीत.

आता बेळगावकडे वळते. दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा असा कायदा कर्नाटकाने २०२४ मध्ये केला. मराठी भाषकांना शासकीय कागदपत्रे मराठीत मिळावीत ही मागणी तर कितीतरी जुनी आहे. हे प्रश्न हक्काचे आणि सत्तेचे आहेत. हाडांना क्रमांक देऊन ते सुटतील असे सुचवणे भाबडेपणाचे होईल, आणि दूर बसून तसा उपदेश करण्याचा मला अधिकारही नाही. पाटीवर भाषा एक की दोन याला अर्थ आहे, कारण पाटीवरची जागा मर्यादित असते. परिभाषेत तशी टंचाई नाही. एका हाडाला मराठी, कन्नड आणि लॅटिन अशी तिन्ही नावे लावता येतात. म्हणूनच पाटीवरचा त्वेष परिभाषेत आणणारे दोन्हीकडचे लोक मला चुकीच्या जागी लढताना दिसतात.

इंग्रजीवाद्यांनाही एक सांगायचे आहे. जर्मन विद्यार्थी लॅटिन यादी पाठ करतात, पण गोठ्यात शेतकऱ्याशी जर्मनच बोलतात, आणि घोड्याच्या त्या फसव्या सांध्याला जर्मनमध्ये 'पुढच्या पावलाच्या मुळाचा सांधा' अशा अर्थाचे रोखठोक नाव आहे. दोन्ही शब्दसंपदा शेजारी नांदतात. आपल्याकडे केंद्राच्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने १९६१ पासून अखिल भारतीय शब्दांचा आग्रह धरला. संस्कृतातून शब्द घडवण्याच्या सवयीमुळे मराठी आणि कन्नड कोशांतल्या हाडांच्या नावांत पुष्कळ साम्यही आहे. गोठ्यातले शब्द मात्र या कोशांत फारसे शिरले नाहीत. कन्नडमध्ये गुडघा 'मोणकालु' आणि कोपर 'मोणकै', म्हणजे पुढच्या व मागच्या पायांतला समांतरपणा बोलीनेच नोंदवला आहे. असा शब्द कोशकाराने सोडून देणे मला उधळपट्टी वाटते.

माझी सूचना मर्यादित आहे. मराठी आणि कन्नड माध्यमाच्या शिक्षकांनी व पशुवैद्यांनी मिळून एक छोटी पुस्तिका करावी. प्रत्येक हाडाला क्रमांक, एका ओळीची व्याख्या आणि माणूस, म्हैस, घोडा, कुत्रा, कोंबडी या पाचांतील त्या हाडाचे चित्र असावे. खाली लॅटिन नाव देवनागरीत व कन्नड लिपीत, मग दोन्ही भाषांतली कोशातली नावे आणि शेवटी गोठ्यातला शब्द, तो फसवा असेल तर तशा खुणेसह. दिशांसाठी पहिल्या पानापासून 'डोक्याकडची', 'शेपटीकडची', 'पाठीकडची' आणि 'पोटाकडची' एवढेच शब्द ठेवावेत. सुरुवात पुढच्या पायापासून करावी, कारण नळीचा आणि मनगटाचा गोंधळ तिथेच आहे. कोंबडीच्या बोटांचे क्रमांक दोन्ही पद्धतींनी छापावेत, आणि पहिल्या आवृत्तीत माशाची कवटी घेऊच नये.