टाकीचे घाव आणि हत्तीची सोंड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

वेरूळच्या कैलास लेण्याच्या माझ्या मोबाईलवरच्या थ्रीडी डेमोवर तुम्ही लिहिलंत, "पॅरलॅक्स ही २००१ची क्लृप्ती. दगडाला निळी चादर गुंडाळून कोरीवकाम होत नसतं. सरळ टेसलेशन वापरा. आणि ते टाकीचे घाव बाहेर का आलेत?" (इतर वाचणाऱ्यांसाठी: पॅरलॅक्स म्हणजे सपाट पृष्ठभागावरचं चित्र नजरेप्रमाणे सरकवून खोलीचा भास करणं, आणि टेसलेशन म्हणजे पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पाडून ते खरोखर उचलणं.) निळी चादर वाचून हसलो. नॉर्मल मॅप, म्हणजे पृष्ठभाग कुठे कोणत्या दिशेला कललाय ते रंगांत साठवणारं चित्र, दिसतो खरा तसाच.

घावांचं आधी सांगतो, ती निव्वळ माझी चूक. नॉर्मल मॅप डायरेक्ट-एक्सच्या पद्धतीचा होता आणि डेमो ओपन-जीएलच्या (दोन्ही पडद्यावर चित्र काढून घ्यायच्या प्रणाली). दोघांत हिरवा चॅनल (मॅपमधला वर-खालचा कल सांगणारा रंग) उलटा असतो, म्हणून खाचेचा फुगवटा झाला. आता उलटवलाय.

जोत्यावरच्या हत्तींना पॅरलॅक्स ऑक्लूजन (पॅरलॅक्सचाच, पायरीपायरीनं खोली शोधणारा प्रकार) लावलं, ती माझी हौस. समोरून झकास दिसतं, पण कॅमेरा बाजूला नेला की सोंड भिंतीत जिरते. मॉडेल ज्यांचं बनतं ते त्रिकोण जागचे हलतच नाहीत, मग बाहेरची कड बदलणार कशी? संगणक-चित्रणातले संशोधक जिम ब्लिन यांनी १९७८ मध्ये बम्प मॅपिंग (आकार न बदलता उंचसखलपणाचा भास) मांडलं, तेव्हापासूनचं हे दुखणं आहे. पण दादा, टेसलेशननंही ही सोंड निघणार नाही. हाइट मॅपमध्ये, म्हणजे उंची साठवलेल्या चित्रात, एका जागेला एकच उंची मिळते, आणि सोंडेमागे पोकळी आहे. तिथे खरं मॉडेलच लागतं. ते करायला घेतलंय.

भिंतीचं मात्र मी ऐकणार नाही. टाकीचे घाव तळहात फिरवल्यावर कळावेत एवढेच खोल. ते टेसलेशननं काढायचे तर पडद्यावर एकेक त्रिकोण पिक्सेलभराचा होतो. जीपीयू (चित्र काढणारी चिप) रंग काढतो २×२ पिक्सेलच्या गटानं, म्हणजे काम एका गड्याचं आणि मजुरी चौघांची. शिवाय फोनमध्ये टेसलेशन असेलच असं नाही. फोनसाठीच्या ओपन-जीएल ईएसमध्ये ते ३.२ आवृत्तीत, २०१५ साली आलं, आणि व्हल्कन या तशाच दुसऱ्या प्रणालीत आजही ऐच्छिक आहे. माझा डेमो बघणारी पोरं स्वस्तातले फोन वापरतात.

आणि हा आपला काळा बेसॉल्ट! रंगाच्या टेक्श्चरमध्ये (पृष्ठभागावर चिकटवलेल्या चित्रात) बघण्यासारखं फारसं नसतंच. घाव दिसतात ते त्यांच्यावरच्या चकाकीमुळे, म्हणून नॉर्मल मॅप आणि रफनेस (खडबडीतपणाचा मॅप) एवढ्यातच बहुतेक काम भागतं. (मी फोटो काढायला गेलो भर दुपारी, सगळं सपाट. ऊन तिरपं झालं तेव्हा भिंत बोलायला लागली.) खर्च म्हणाल तर २०४८×२०४८ पिक्सेलचा मॅप एएसटीसी ४×४ या दाबून साठवायच्या पद्धतीत ४ एमबी, मिपमॅपचे (लांबून बघण्यासाठीच्या लहान प्रती) तिसरा हिस्सा वर. एक काळजी घ्यावी लागते. लांबच्या मिपमध्ये नॉर्मल (कलाच्या दिशा) सरासरीनं चपटे होतात आणि दगड फरशीसारखा चमकतो. तो हरवलेला खडबडीतपणा रफनेसमध्ये भरावा लागतो.

पॅरलॅक्स आता फक्त अंगणातल्या जमिनीला ठेवलंय, कारण तिथे कड दिसायचा प्रश्न नाही. १६ पायऱ्या, म्हणजे एका पिक्सेलमागे हाइट मॅपची सोळा वाचनं. ८ वर आणून पाहिलं, तर तिरक्या नजरेनं भाकरीच्या चळतीसारखे थर दिसायला लागले.

नवी आवृत्ती रविवारी टाकतो. हत्तींपाशी कॅमेरा अगदी भिंतीला लावून बघा, आणि फोन कोणता ते या वेळी नक्की लिहा.