मूळचे कुठले?

सदाशिव पेठेत खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीण काकूंनी दार अर्धंच उघडलं होतं.

"आडनाव?"

"कुलकर्णी."

"कुठले कुलकर्णी?"

"सध्या कोथरूडला..."

"ते राहायला. मूळचे कुठले?"

दोन मिनिटांत त्यांनी माझं गाव, कुलदैवत आणि मावशीचं सासर असं सगळं काढून घेतलं, मगच कडी निघाली.

परवा रात्री वाटलं, या काकू आमच्या टीममध्ये हव्या होत्या. नोकरी सोडून गेलेल्या एकाची, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली फाइल माझ्या गळ्यात पडली होती. त्यात एक साधी ओळ: ओपन, कंसात फाइलचं नाव आणि वाचण्यापुरता 'आर'. तर एरर काय, म्हणे स्ट्रिंग (म्हणजे अक्षरं) चालणार नाही, पूर्णांक द्या. अरे, फाइल उघडायला पूर्णांक? दूधवाल्यानं पॅन कार्ड मागावं तसं झालं हे.

वर पाहिलं तर 'इम्पोर्ट स्टार'च्या, एकेका मॉड्यूलमधलं (दुसऱ्या कोड-फाइलीतलं) सगळंच आत घेणाऱ्या, ११ ओळी. म्हणजे ११ घरांना सहकुटुंब सहपरिवार आमंत्रण! यातला ओपन कुणाचा?

शेवटी त्या ओपनलाच विचारलं, तू कुठला? त्यासाठी असते डंडर मॉड्यूल नावाची पाटी, म्हणजे 'मॉड्यूल' या शब्दाच्या अलीकडे दोन अंडरस्कोअर, पलीकडे दोन. उत्तर आलं, 'पॉझिक्स'. त्या ११ ओळींत या नावाचं कुणीच नव्हतं.

बऱ्याच वेळानं ट्यूब पेटली. हे त्याचं मूळ गाव! लिनक्सवर ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारं 'ओएस' मॉड्यूल आपली बरीच फंक्शनं पॉझिक्सकडून आणतं (विंडोजवर 'एनटी'कडून). ओएसला स्टार लावून आत घेतलं की त्याचा ओपन घरच्या ओपनला उठवून पाटावर बसतो, आणि त्याला 'आर'च्या जागी आकडेच लागतात. असं करू नका, हे पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय. पण माझ्या फाइलीत तर ओएसही नव्हता. म्हणजे तो दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरून आला होता. आणि मूळ गाव सांगणारं डंडर मॉड्यूल, पाहुणा मुलाकडचा की मुलीकडचा, याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मग एकेका मॉड्यूलला वेगळं बोलावून उलटतपासणी. सातवं सापडलं. कुणीतरी त्यात ओएसला स्टार लावून ठेवला होता. रात्रीचे दोन वाजले होते.

सकाळी काकू जिन्यातच उभ्या.

"रात्री कुणावर ओरडत होतात, 'कुणाबरोबर आलास' म्हणून? रात्री पाहुणे चालणार नाहीत, आधीच सांगितलं होतं."

"पाहुणा नाही हो काकू, ओपन होता."

"कुठले ओपन?"