कर घ्या, पण आधी बस आणा

आज जेवणाच्या सुट्टीत एकाने अगदी सहज सांगून टाकलं, "कार्बन टॅक्स लावा, म्हणजे इंधनाच्या धुरावर कर; पेट्रोल महाग झालं की लोक झक मारत बसने जातील." डोकंच फिरलं. कुठल्या बसने?

माझ्या आधीच्या नोकरीत एक ताई होत्या. कामाची पाळी संपली की रात्रीच्या शेवटच्या बसने घरी जायच्या. प्रवासी मिळत नाहीत म्हणून ती फेरीच बंद केली. काही दिवस ताईंनी ह्याच्या-त्याच्या मागे बसून काढले आणि शेवटी हप्त्यांवर स्कूटर घेतली. चालवता येत नव्हती. ऑफिसच्या मागे मोकळ्या जागेत, दोन्ही पाय जमिनीला घासत शिकल्या. आता त्यांच्याच पेट्रोलवर कर लावायचा आणि वर त्यांनाच पर्यावरणाचे धडे द्यायचे?

कर नको, असं मी म्हणत नाहीये. धूर सोडणाऱ्याने पैसे मोजलेच पाहिजेत, त्यावर आपल्यात वाद नाही. पण तो पैसा जातो कुठे? फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरच्या करावरून लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर उतरले. गाडीशिवाय ज्यांचं पान हलत नाही, असे शहराबाहेरचे कितीतरी जण त्यात होते. सरकारला पुढची करवाढ सोडून द्यावी लागली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने २००८ मध्ये कार्बन टॅक्स आणला आणि सुरुवातीला तो पैसा इतर करांत सवलत देऊन परत केला. कागदावर चोख. पण पगारातून कर थोडा कमी कापला गेला, हे कुणाच्या लक्षात राहतं? पंपावरचा आकडा मात्र दर वेळी दिसतो. २०२५ मध्ये ग्राहकांवरचा तो कर गेलाच.

उलट अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य बघा. तिथे मोठ्या प्रदूषकांना उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यावे लागतात आणि त्यातला बराच पैसा सार्वजनिक वाहतुकीला जातो. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बहुतेक बस फुकट. २०२४ मध्ये हा परवान्यांचा कायदाच रद्द करायचा का यावर मतदान झालं, लोकांनी साफ नाही म्हटलं. त्याला इतरही कारणं असतील, असोत.

काही जण कराचे पैसे थेट गरिबांच्या खात्यात टाका म्हणतात. टाका की थोडे. पण ताईंच्या खात्यात आलेल्या पैशांतून रात्रीची बस सुरू झाली असती का? त्यांना गाडीची हौस नव्हती हो. खिडकीशी बसून डोळे मिटायचे, दिवसभरात तेवढीच विश्रांती, असं म्हणायच्या.

उत्सर्जन घटलं की कराचं उत्पन्नही घटणार, हे खरं. घटेल तेव्हा बघू. तोवर बस घ्या, रात्रीच्या फेऱ्या वाढवा, चालक-वाहकांचे पगार वेळेवर करा. सगळा पैसा मेट्रोच्या भूमिपूजनात ओतू नका. मेट्रो हवीच, पण ती उभी राहायला वर्षं जातात आणि कर पहिल्या दिवसापासून कापला जातो.

ज्या दिवशी कर जाहीर कराल, त्याच दिवशी कुठल्या मार्गावर किती नव्या फेऱ्या आणि कधीपासून, ते लेखी जाहीर करा. ते नसेल तर माझा पाठिंबा गृहीत धरू नका.